फुवारीच्या आत कोणीच नसतं

१

रविवार म्हटला की मासुमीचं सगळं ठरलेलं असायचं. पोरीला शेजारच्या त्सुगावा आजींच्या ताब्यात द्यायचं, स्टेशनसमोरच्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या मागच्या दाराने आत शिरायचं, सामानाच्या लिफ्टने गच्ची गाठायची आणि पाण्याच्या टाकीमागच्या पत्र्याच्या खोलीत कपडे उतरवून फुवारी व्हायचं. आधी कातडीच्या रंगाचा अंगभर घट्ट पोशाख, त्यावर गुलाबी झालरींचा फ्रॉक, पांढरे हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि सगळ्यात शेवटी डोकं. डोकं चढवण्याआधी खारवलेलं आंबट आलुबुखार खायचं आणि जवाचा गार चहा पोटभर प्यायचा, कारण ऑगस्टच्या उन्हात त्या डोक्यात शिरणं म्हणजे भाताच्या वाफेवर तोंड धरण्यासारखं होतं.

फुवारी कोण, हे त्या गावात पोरांना सांगावं लागत नसे. वर्गात मागच्या बाकावर बसणारी भित्री मुलगी, पण संकट आलं की कांडी फिरवते आणि जादूकन्या होते. रविवारी सकाळी ती टीव्हीवर दिसायची आणि दुपारी गच्चीवर. गच्चीवरच्या फुवारीचं डोकं फायबरचं होतं. जांभळे केस, बशीएवढे डोळे आणि रंगाने काढलेलं मिटल्या ओठांचं हसू. तोंडाला भोक नव्हतं. आतल्या माणसाला डोळ्यांच्या काळ्या जाळीतून जेवढं दिसेल तेवढंच जग. आवाज टेपवरचा, तोक्योतल्या कुठल्याशा नटीने बोलून ठेवलेला. मासुमीने त्यावर हातवारे करायचे, उड्या मारायच्या, बस्स.

या धंद्याचा एकच नियम होता आणि तो फार कडक होता. आतल्याने एक शब्द बोलायचा नाही, आणि बाहेरच्याने आत कोण आहे ते विचारायचं नाही. गच्चीवर हे खेळ करणाऱ्या मंडळीचे मालक ओनुमा म्हणजे तोंडाने फाटके, पण या बाबतीत एकदम देवळातले पुजारी. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला सांगायचे, "फुवारीच्या आत कोणीच नसतं. ही एक गोष्ट विसरलास तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस." एकदा डोकं चढलं की तेही मासुमीला मासुमी म्हणत नसत. आदराने फुवारीसान म्हणायचे, वाकून नमस्कार करायचे. मासुमीला त्याचं हसू यायचं, पण बरंही वाटायचं. उरलेल्या आठवड्यात तिला वाकून नमस्कार करणारं कोण होतं?

त्या रविवारी तिने नेहमीसारखं पेटीतून डोकं काढलं, उलटं करून मांडीवर घेतलं आणि आतलं अस्तर बोटांनी चाचपलं. मागच्या आठवड्यात तिने स्वतः ते साबणाने धुतलं होतं, उन्हात खडखडीत वाळवलं होतं, पावडर टाकून ठेवलं होतं. कपाळाकडचा भाग कोरडा होता. गालाकडचाही. तोंडासमोरचा मात्र ओला होता.

घामाने किंवा पाण्याने भिजावं तसा नव्हे. लहान पोर चादरीचं टोक चोखत झोपतं आणि सकाळी ते टोक जसं लागतं, तसा. बुळबुळीत, आणि वर कोमट. मासुमीने बोटं नाकाशी नेली आणि झटकन लांब केली. फुलदाणीतलं आठवड्याचं पाणी आणि नासलेलं दूध, असा काहीतरी वास होता.

शी. कोणीतरी हे घालून बसलं होतं. तिच्या मनात पहिल्यांदा हेच आलं आणि दुसऱ्याच्या उष्ट्या वाटीला तोंड लावावं लागल्यासारखी तिला शिसारी आली. पण बाहेर टेप सुरू झाली होती. तिने अस्तरावर हातरुमाल दाबला, श्वास रोखला आणि डोकं चढवलं.

२

दातांचं खूळ सुरू झालं ते हिनाकोमुळे. हिनाको म्हणजे मासुमीची मुलगी, यंदाच पहिलीत गेलेली.

बाप सोडून गेल्यापासून पोर घुमी झाली होती. शाळेत बोलायची नाही, आजींशी बोलायची नाही, आईशीही कामापुरतंच. बोलायची ती फक्त फुवारीशी. आई तळमजल्यावरच्या खाण्याच्या दुकानात बटाट्याच्या वड्या विकते असं तिला सांगितलेलं होतं. दर रविवारी ती आजींचा हात धरून गच्चीवर यायची, खेळ झाल्यावर हात मिळवायच्या रांगेत उभी राहायची आणि नंबर आला की फुवारीच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजायची. आज डबा उरला. आज एका मुलीने माझं खोडरबर घेतलं. आई रडते तेव्हा नळ सोडून ठेवते. मासुमी आत उभ्या उभ्या विरघळायची. आपल्या लेकीच्या मनात शिरायला तिला दुसरी वाटच नव्हती. तिला ती नोकरी हवी होती ती पैशांसाठी कमी आणि यासाठी जास्त.

जूनमध्ये हिनाकोचा खालचा दात पडला. खालचा पडला की छपरावर फेकायचा, वरचा पडला की जोत्याखाली टाकायचा, म्हणजे नवा दात जुन्याच्या दिशेने सरळ वाढतो, हे तिला आजींनी सांगितलेलं. पण सरकारी वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला छप्पर कुठलं? रविवारी तिने कागदात गुंडाळलेला दात फुवारीच्या हातमोज्यावर ठेवला आणि म्हणाली, "तू छपरावरच राहतेस ना? मग माझा दात तूच ठेव."

माईकवरची ताई वाकाना हे ऐकत होती. पोरगी हुशार. तिथल्या तिथे तिने जाहीर करून टाकलं की ज्यांच्या घराला छप्पर नाही त्यांनी आपले दात फुवारीकडे आणावेत. ओनुमांना कल्पना इतकी आवडली की पुढच्या रविवारी त्यांनी तिची पाटीच लावली. गाव सगळं वसाहतींचं. मुलं दात घेऊन येऊ लागली. कागदातून, काडेपेटीतून, काही तर तिथेच हलवून, उपटून, रक्तासकट. मासुमीच्या पांढऱ्या मोज्यावर तांबडे ठिपके पडायचे. खेळ संपला की ती ते सगळे दात मुठीत घेऊन लिफ्टच्या यंत्रखोलीच्या पत्र्यावर फेकून द्यायची.

त्या दिवशीही रांग लांब होती. हिनाको आली आणि कानाशी वाकली.

"नवा दात अजून आला नाही," ती कुजबुजली. "वर्गातल्या काओरुचा पण आला नाही. आम्ही कोणीच हसत नाही आता."

मासुमीला गलबलून आलं. तिने मोज्याच्या हाताने हिनाकोचे केस कुरवाळले आणि आतल्या आत एक हुंदका आला, तो बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून श्वास धरून ठेवला.

श्वास थांबला नाही.

तिचा स्वतःचा थांबला होता. छाती गच्च धरलेली होती, ओठ मिटलेले होते. आणि तरीही डोक्याच्या आत, अगदी तिच्या तोंडासमोर, कोणीतरी श्वास घेत होतं. हळू, ओला, सर्दी झालेल्या मुलाचा असतो तसा. मासुमीने मनाला समजावलं की हा बाहेरच्या पंख्याचा आवाज, हा आपल्याच कानातला ठोका, हे ऊन. मग हिनाको मागे सरली, पुढचा मुलगा आला आणि मासुमीला धाप लागली. दोन श्वास एकमेकांत मिसळले तसा कुठला कोणाचा ते कळेनासं झालं.

खोलीत येऊन डोकं काढलं तर हातरुमाल सापडला नाही. आरशात बघितलं तर खालच्या ओठाला बारीकशी चीर पडली होती. उन्हाने ओठ फुटला असेल, ती म्हणाली आणि त्यावर चहाचा गार पेला धरून बसली.

३

कपडे बदलल्यावर ती दातांची मूठ घेऊन यंत्रखोलीपाशी गेली आणि नेहमीसारखी पत्र्यावर फेकली. मग तिथेच उभी राहिली. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळायला वेळ लागला. आवाज आला नव्हता. पत्र्यावर मूठभर खडे पडले तर तडतड व्हायला हवी. ती आठवू लागली, आणि या सगळ्या उन्हाळ्यात तशी तडतड ऐकल्याचं तिला एकदाही आठवेना.

लोखंडी शिडी होती. ती चढून वर गेली. पत्रा तापून पांढरा पडला होता आणि त्यावर कावळ्याची शीट, एक फाटका फुगा आणि धूळ होती. दात एकही नव्हता. आत्ताचेही नव्हते. कावळे नेत असतील, तिने स्वतःला सांगितलं. कावळा काय वाटेल ते उचलतो. पण आत्ता, डोळ्यांदेखत फेकलेले? खोलीत परत येऊन तिने मोजा उलटा करून पाहिला. बोटांच्या टोकांशी अस्तर ओलं होतं आणि तोच वास येत होता.

ओनुमा टेपच्या वायरी गुंडाळत होते. मासुमीने विचारलं की मधल्या दिवसांत हे डोकं दुसरं कोणी वापरतं का. ओनुमांचा चेहरा एकदम आंबला.

"डोकं काय म्हणतेस? फुवारीसान म्हण."

"बरं, फुवारीसान. पण आतून ओलं लागतं हो. कोणाची तरी लाळ आहे ती."

"तुझीच असेल. माझी बायको झोपेत उशी भिजवते, मी काय पोलिसात जातो?"

वाकाना फिस्सकन हसली. मासुमीने हट्ट धरला की अस्तर फाडून नवं घालू. ओनुमा म्हणाले, मोसम संपला की बघू. मग वायर बाजूला ठेवून ते जवळ आले आणि आवाज उतरवून बोलले. त्यांच्या बोलण्यात थट्टा राहिली नव्हती.

"हे बघ, एवढी वर्षं मी हा धंदा करतोय. समोर बसलेली पोरं मनापासून मानतात की आत कोणी माणूस नाही. शेकडो पोरं, रविवारमागून रविवार. आपण त्यांना मोडता घालायचा नाही. आत कोणी नाही म्हणजे नाही. तूसुद्धा नाहीस. कळलं?"

कळलं, असं मासुमी म्हणाली. तिला काहीच कळलं नव्हतं. ओनुमांच्या तोंडाला सिगारेटचा वास येत होता, आणि त्या वासाने तिला उगाचच हायसं वाटलं. निदान तो माणसाचा वास होता.

४

पुढच्या शनिवारी संध्याकाळी तिने हिनाकोला न्हाऊ घातलं आणि दोघी गरम पाण्याच्या टबात समोरासमोर बसल्या. हिनाकोचे गाल लाल झाले होते. ती जिभेने एक दात पुढे मागे करत होती, पडलेल्याच्या शेजारचा.

"आ कर, बाळा," मासुमी म्हणाली. "बघू दे."

हिनाकोने तोंड उघडलं. जूनमध्ये पडलेल्या दाताची जागा तशीच रिकामी होती. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उशिरा येतो कधी कधी, काळजी नको. मासुमीने बोट आत घालून हिरडी चाचपली. नवा दात यायचा असतो तेव्हा तिथे टणक लागतं. इथे काहीच लागलं नाही. हिरडी मऊ होती, गुळगुळीत, आणि बोट जरा दाबलं तर आत जाईलसं वाटत होतं. तिने बोट बाहेर काढलं आणि पाण्यात धुतलं, आणि आपल्याच लेकीच्या तोंडाची आपल्याला किळस आली म्हणून तिला स्वतःची लाज वाटली.

"हा दुसरा पडला की मला द्यायचा," ती म्हणाली. "फुवारीला नाही."

हिनाकोने तोंड मिटलं. "उद्या आण म्हणालीय ती."

"कोण म्हणालं?"

"फुवारी. म्हणाली, पडला नाही तरी चालेल, मी काढते."

मासुमीने तिला जवळ ओढलं. "फुवारी बोलत नाही, हिना. तो टेपचा आवाज असतो."

"टेपमध्ये सगळ्यांशी बोलते. माझ्याशी कानात बोलते."

"कधीपासून?"

"दात दिला तेव्हापासून."

मासुमी त्या कानापासून वीतभरावर असायची, दर रविवारी, आतमध्ये. तिने आजवर ब्र काढला नव्हता. तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की फुवारीचा आवाज असतो तरी कसा. हिनाको खूप दिवसांनी हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे उडवून हसली.

"ते गुपित आहे. मी कबूल केलंय."

आणि मग तिने पुढचं काही सांगितलंच नाही. पाणी गार होईपर्यंत मासुमी विचारत राहिली आणि पोर पाण्यावर थापट्या मारत राहिली.

पोर खोटं बोलते, एकटं पोर मनाचे खेळ करतं, असं मासुमीने ठरवून टाकलं. पण त्याचबरोबर तिने आणखी एक गोष्ट ठरवली. जेवणं झाल्यावर ती त्सुगावा आजींच्या दारात गेली आणि म्हणाली, उद्या हिनाकोला गच्चीवर नेऊ नका, काही झालं तरी नेऊ नका, घरीच ठेवा. आजी म्हणाल्या, अगं पोर रडून घर डोक्यावर घेईल. घेऊ दे, मासुमी म्हणाली.

५

रविवारी ती लवकर गेली. वाकाना यायची होती, ओनुमा खाली चहा घेत होते. पत्र्याच्या खोलीत इतकं उकडत होतं की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. मासुमीने पेटी उघडली, डोकं काढून उलटं धरलं आणि शिवणकामाच्या कात्रीने तोंडासमोरचं अस्तर कापलं.

अस्तराखाली जुना पिवळा स्पंज असायला हवा होता. होता तो स्पंजच. पण त्याचा रंग गुलाबी झाला होता, ओला गुलाबी, आणि रंगवलेल्या हसऱ्या ओठांच्या बरोबर मागे तो दोन ठिकाणी फुगून वर आला होता. वर एक कड, खाली एक कड. खालच्या कडेत दात होते.

खोवलेले नव्हते. उगवलेले होते. दुधाचे दात, लहानसे, तांदळासारखे, काही सरळ, काही तिरके, काही ठिकाणी दोन रांगांत. मुळाशी स्पंज चढून आला होता, हिरडी चढते तसा. वरच्या कडेत अजून एकही नव्हता, नुसतं बुळबुळीत मांस. मधोमध एका तपकिरी दाताचा टवका उडालेला होता. झोपाळ्यावरून पडून हिनाकोने ज्याचा टवका उडवला होता, तो. मासुमीच्या डोळ्यांसमोर त्या कडेवरून एक लाळेचा थेंब सरकला, लोंबला आणि तिच्या मनगटावर पडला. कोमट होता.

ती बाहेरच्या नळापाशी धावली आणि ओकली. आलुबुखार, चहा, सकाळचा भात, सगळं. मनगट विटेच्या तुकड्याने घासघासून लाल केलं. तरी वास जाईना.

मन मोठं लबाड असतं. ओकून झाल्यावर, गार पाण्याने तोंड धुतल्यावर तिला वाटू लागलं की हे कोणा विकृत माणसाचं काम. डिंकाने चिकटवले असतील. रबर वितळलं असेल उन्हाने. असे लोक असतात, वर्तमानपत्रात येतंच की. ते खोटं आहे हे तिला आतून ठाऊक होतं, पण त्याला धरूनच ती उभी राहू शकली.

तोवर ओनुमा आले. गच्चीवर पोरांचा कलकलाट चढला होता. मासुमी म्हणाली, मी आज घालणार नाही.

"का?"

"आत बघा. तुम्हीच बघा."

ओनुमांनी पेटीकडे मान वळवली, आणि अर्ध्यावरच थांबवली. त्यांनी पाहिलं नाही. मासुमीला ते लख्ख दिसलं; न पाहणं हा त्यांचा हात बसलेला व्यवसाय होता.

"आत कोणी नसतं," ते म्हणाले. "तू घालणार नसलीस तर वाकाना घालेल. माईक मी धरतो. नको असेल तर घरी जा."

वाकाना. त्या पोरीला काही माहीत नव्हतं. ती हात पसरून एकेक दात गोळा करेल, आणि ज्यांचे पडले नाहीत त्यांचेही. मासुमीने जाळीच्या दारातून बाहेर पाहिलं. पोरं पुढे बसली होती, जिभेने दात हलवत. तिने विचार केला की आत आपण असलो तर निदान मूठ आपली असेल. एकही दात घ्यायचा नाही. खेळ झाला की डोकं फडक्यात बांधून तडक देवळात न्यायचं. जुन्या बाहुल्या जाळायला नेतातच लोक, त्यांच्यात हीही एक. भटजी मंत्र म्हणतील, राख होईल, आणि पोरांना दात येतील. हिनाको घरी आहे. एकच खेळ तर काढायचा आहे.

तिने टॉवेल चौपदरी करून आत दाबला. डोळे मिटले. आणि ओठ घट्ट आवळून त्या वासात, त्या ओल्या उबेत तोंड घातलं.

६

खेळ कसा झाला ते तिला कळलंच नाही. टेपवरची नटी बोलत होती, मासुमीचे हात सवयीने हलत होते. राक्षसाने पोरांना घाबरवलं, ताईने सांगितलं फुवारीला हाक मारा, आणि शेकडो पोरं एका आवाजात ओरडली. त्या ओरडण्याबरोबर टॉवेल हलला. चौपदरी टॉवेल हळूहळू, एकेक पदर, समोरच्या बाजूला ओढला जात होता, नूडल्स तोंडात ओढावेत तसा. मासुमीने मान मागे खेचली. डोक्यात मागे खेचायला जागा कुठली?

रांग लागली. पहिल्या मुलाने दात पुढे केला. मासुमीने मूठ मिटून पाठीमागे धरली आणि मान हलवली. मुलगा हिरमुसला. दुसरीलाही नाही, तिसऱ्यालाही नाही. वाकाना माईकवर काहीतरी थट्टेने सावरून नेत होती, फुवारीचं आज पोट भरलंय असं काहीतरी. मासुमीला वाटलं, जमतंय. थोडंच उरलंय.

आणि जाळीतून समोर हिनाको दिसली.

मागे त्सुगावा आजी हात जोडून ओशाळवाण्या हसत होत्या. पोरीच्या रडण्यापुढे त्यांचं काही चाललं नसणार. हिनाकोचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा फुलला होता. मुठीत काही नव्हतं. दात अजून तोंडातच होता. ती चवड्यांवर उभी राहिली आणि कानाशी वाकली.

"तू काल रागावलीस ना," ती कुजबुजली. "मी गुपित सांगितलं नाही कोणाला. आजींना पण नाही. पण मला माहितीये आई, तूच आहेस आत. तूच सांगितलंस ना कानात."

मासुमीला टबातलं ते हसू आठवलं. आवाज कसा असतो, म्हणून तिने काल विचारलं होतं.

नियम गेला खड्ड्यात. तिने बोलायला तोंड उघडलं. पळ, एवढंच म्हणायचं होतं, घरी पळ आणि परत येऊ नकोस. ओठ विलग होताच खालच्या ओठात बारीक, गार, ओल्या टोकांची एक रांग रुतली आणि त्या रांगेने तो घट्ट धरून ठेवला. टॉवेल केव्हाच गेला होता. शब्द बाहेर पडेना आणि तोंडात नासक्या दुधाची चव पसरली. आणि मग तिला आपल्या ओठावर ते दात हलताना कळले. बोलताना हलतात तसे.

"हो गं, मीच," मासुमीचा आवाज म्हणाला. मायेने भरलेला, थोडासा थकलेला, आंघोळीच्या वेळचा. "आ कर, बाळा. बघू दे."

पाठीमागे मिटून धरलेली तिची मूठ सुटली आणि पांढरा मोजा पुढे आला.

हिनाकोने डोळे मिटून तोंड उघडलं. तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या मुलांनीही मग, कोणी न सांगता, एकेक करून तोंडं उघडली.